काटा आणि पापलेट

मुंबईत खारदांड्याच्या कोळीवाड्यात एक अंगणवाडी होती. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर रंगवलेली फळं आणि मुळाक्षरं, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं. दाराबाहेर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढीच गल्ली. गल्लीच्या टोकाला बांबूच्या वलांड्या, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील आणि त्यापलीकडे समुद्र.

अंगणवाडीच्या सेविकेला वस्तीतल्या बायका ‘टीचर’ म्हणत. या टीचरची एक सवय होती. महिन्याच्या वजनाच्या दिवशी ती गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कोळणीकडून दोन किलोचं लोखंडी वजन मागून आणायची. वैधमापनवाल्यांचा शिक्का मारलेलं. पोरांना काट्यात घालायच्या आधी ती ते वजन घालायची. काटा बरोबर दोन किलो दाखवतो हे बघितल्याशिवाय एकाही मुलाचा आकडा वहीत चढायचा नाही. मदतनीस कुरकुरायची, “दर महिन्याला काय काटा बिघडतो काय?”

“बिघडला तर तो सांगायला येणार आहे का?” टीचर म्हणायची.

एके दिवशी अंधेरीच्या एका कंपनीतून एक मुलगी आली. सॉफ्टवेअर तपासणं हे तिचं काम. कंपनीने लहान मुलांच्या वाढीवर आणि हालचालींवर लक्ष ठेवणारं ॲप बनवलं होतं. मूल मान कधी धरतं, बसतं कधी, रांगतं कधी, हाकेला वळतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, असे प्रश्न त्यात होते. सेविकेने आईला विचारून हो-नाही भरायचं, की मुलाच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. लाल आला तर वर पर्यवेक्षिकेला आपोआप निरोप. ऑफिसात सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या; आता प्रत्यक्ष वस्तीत चालवून बघायचं होतं.

मोबाइलचं नाव निघताच टीचरच्या कपाळाला आठी पडली. तिचंही चुकत नव्हतं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून सेविकेच्या डोक्यावर वह्यांचा भार होता. पुढे तर अकरा रजिस्टरं झाली. मग ती रजिस्टरं फोनात आली. २०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन सरकारलाच परत केले. फोन जुने, मधेच बंद पडणारे आणि ॲप इंग्रजीत. मराठीत विचार करून, मराठीत बोलून, मराठी आईचं बाळ इंग्रजीत भरायचं! त्यानंतर बऱ्याच सुधारणा झाल्या, पण कामंही वाढली. २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरासुद्धा फोनला दाखवावा लागतो. म्हणून टीचर म्हणाली, “मॅडम, तुमचं ॲप मला काय देणार ते सांगा. घेणार काय ते मला माहीत आहे.”

मुलगी हसली. ती हुशार होती आणि आपल्या कामात पक्की होती. ॲपला कुठे चिमटा काढायचा हे तिला ठाऊक होतं. बाळाचं वजन अडीचशे किलो टाकून बघ, जन्मतारीख उद्याची टाकून बघ, नावाच्या जागी नुसत्या टिंबांची रांग टाकून बघ. दंडाच्या घेराच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण आणि तिथून १२.५ च्या खालपर्यंत मध्यम, म्हणून तिने ११.४, ११.५, १२.४ आणि १२.५ असे सगळे काठ तपासले होते. ॲप कुठेही घसरलं नव्हतं.

दांड्यात पहिल्याच सकाळी तिला एक चूक सापडली. बावीस महिन्यांच्या एका पोराला उंची मोजायला फळीवर आडवं केलं तर त्याने वस्ती डोक्यावर घेतली. शेवटी टीचरने त्याला भिंतीशी उभं करून मोजलं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते. उभं करून मोजलं तर आकड्यात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे असतात. ॲप विचारतच नव्हतं की मूल उभं होतं का आडवं. तेवढ्या पाऊण सेंटिमीटरने ते पोर खुज्या मुलांच्या रांगेत जाऊन बसलं. मुलीने लगेच कळवलं, ऑफिसने संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं, साहेबांनी अंगठा पाठवला. आकड्याची चूक आकड्यानेच मिटली. अशा चुका फार लाघवी असतात. तपासणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती दोन मुलांची आहे.

पहिली छकुली. अकरा महिन्यांची, गालावर काजळाची तीट, ज्या म्हातारीकडून वजन यायचं तिची नात. ती रांगत नव्हती. एक पाय दुमडून, दुसऱ्याने रेटा देत, ढुंगणावर बसूनच ती घरभर सरकायची आणि एका हातात वाटी नाहीतर चमचा असायचाच. टीचरने आईला विचारलं, “रांगते का?” आई म्हणाली, “नाही.” ठिपका लाल झाला. खाली ओळ उमटली : ‘विकासात विलंबाची शक्यता.’

एवढ्याशा ओळीने घराची घडी विस्कटली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारणीने विचारलं, “मेंदूचं काही असेल का गो?” नवऱ्याने विचारलं, तू बाजारात जातेस तेव्हा पोरीकडे बघतं कोण? दुसऱ्या दिवसापासून आई छकुलीला पालथी घालून रांगायला लावू लागली. दहा फुटांची खोली, निम्म्या जमिनीवर जाळं आणि थर्माकोलची खोकी, उरलेली कायम ओलसर. पोर रडायची, आई रडायची, आणि सुटका झाली की पोर पुन्हा बसून सरकत वाटीपाशी जायची. तिला तिच्या गावाला जायची वाट सापडली होती. नकाशात ती नव्हती, एवढंच.

दुसरा बाळ्या. चौदा महिन्यांचा, गुटगुटीत, दहाव्या महिन्यातच चालायला लागलेला. वजन उत्तम, उंची उत्तम. ‘हाक मारल्यावर वळून बघतो का?’ आई म्हणाली, “बघतो की!” पहिल्यापासून शेवटापर्यंत सगळं हिरवं. ऑफिसात दाखवायला मुलीने याच पानाचा फोटो काढून ठेवला.

टीचर मात्र त्या हिरव्या पानाकडे बघून गप्प झाली. तिच्या मनात कधीचं काहीतरी सलत होतं. बाळ्या फार शहाणा होता. किरकिर नाही, दचकणं नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी गाढ झोपलेला. टीचर मुलांच्या मागे जाऊन टाळी वाजवायची तेव्हा सगळी पोरं वळायची आणि बाळ्याही वळायचा, पण क्षणभर उशिरा. आधी शेजारच्या पोराकडे बघायचा, मग वळायचा. सहाव्या महिन्यात त्याचं ‘बाबाबा’ चालू असायचं, ते आता जवळजवळ थांबलं होतं. आईचंही खोटं नव्हतं. ती हाक मारायची ती समोर येऊन, हात पुढे करून, बांगड्या हलवत. बाळ्या हातांकडे बघायचा.

टीचरने मदतनिसाला सांगून बाकीची पोरं बाहेर काढली. बाळ्याला आईच्या मांडीवर दाराकडे पाठ करून बसवलं. मागून, आपली सावली पडणार नाही अशी उभी राहून, तिने स्टीलच्या ताटावर डाव हाणला. मुलगी दचकली, आई दचकली, बाहेर वाळत घातलेल्या जवळ्यावरचे कावळे उडाले. बाळ्या आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांशी खेळत होता.

“याला कानाच्या तपासणीला पाठवायचंय,” टीचर म्हणाली. “कुठे दाबू?”

मुलीने फोन हातात घेतला. तपासणीला पाठवायचं बटण तिथे होतं, पण राखाडी. दाबलं तरी दाबलं जाईना. ते फक्त लाल ठिपक्याला उघडायचं. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, कारण ते बटण तिने स्वतः तपासलं होतं. तिच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं : ठिपका हिरवा असल्यास बटण बंद असावं. निकाल : पास.

“मग मला शंका आहे असं लिहायला जागा?”

तीही नव्हती. हो, नाही आणि पुढे.

तेवढ्यात छकुलीची आजी आपलं वजन न्यायला आली. पाटी खाली ठेवून ती दारातच टेकली. चार दिवस घरात चाललेली रडारड तिने ऐकली होती आणि आता हा प्रकारही बघितला. तिने मुलीला विचारलं, “बाय, पोरं बरोबर हायत का नाय ते हा मोबाइल बघतो. मोबाइल बरोबर हाय का नाय ते कोण बघतंय?”

“मीच, आजी,” मुलगी म्हणाली. “तेच माझं काम.”

“मग बघ ना! माझ्या काट्यावर पापलेट हलकं भरलं तर आधी काटा बघायचा. पापलेटला काय ओरडायचं?”

बोधकथेत बोध शेवटी सांगायची रीत आहे. इथे तो एका मासेवालीने मधेच सांगून टाकला आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली, तर आपण तो झाकून कशाला ठेवायचा? मापात न बसलेल्या मुलावर बोट ठेवण्याआधी माप तपासावं. आणि मापात नीट बसलेल्या मुलाकडेही आपल्या डोळ्यांनी बघावं, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग. तो टीचरला न सांगता माहीत होता.

त्या रात्री मुलगी वाचत बसली. तिने आजवर प्रश्नावली चालते का हे तपासलं होतं, प्रश्न कुठून आले हे कधी विचारलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तिला सापडला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली ८१६ बाळं महिनोन् महिने पाहून बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं यांचे काळ त्यात ठरवले होते. ठरवलेले काळही केवढे ऐसपैस! आधाराशिवाय चालणं कुणाला आठव्या महिन्यानंतर जमतं, कुणाला साडेसतरा महिने लागतात, आणि दोन्ही मुलं निरोगी. पुढे एक आकडा होता, त्यावर तिचं बोट थांबलं. त्या बाळांपैकी ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. शंभरात चार छकुल्या, आणि आपलं ॲप चौघींच्या आयांना रडवणार.

मग तिला आपल्याकडचं काम सापडलं. बडोद्याला डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर वर्षानुवर्षं अभ्यास करून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मापनश्रेणी तयार केली होती. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ गोष्टी. परकीय बाळांचं माप आपल्या बाळांना तसंच लावायचं नाही, म्हणून केवढा खटाटोप! आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी आईला विचारून भागवायच्या नसतात. शिकलेल्या माणसाने बाळासमोर बसून त्या त्याच्याकडून करवून घ्यायच्या आणि बघायच्या. कंपनीच्या ॲपने २३० गोष्टींतल्या डझनभर उचलल्या होत्या आणि बघणारा माणूस तेवढा वगळला होता. माणूसच महाग पडतो ना.

शाळेच्या मापाचंही आपल्याकडे असंच झालं होतं. याच मुंबईच्या उत्तरेला, बोर्डीला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पोरांना नापास केलं नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आपल्याकडे ही अक्कल पाऊणशे वर्षं जुनी आहे. ती ॲपच्या गरजांच्या यादीत कुणी लिहीत नाही, कारण ती यादी बनवणारे कोसबाडला सहलीला जातात.

सोमवारी मुलीने ऑफिसात दोन चुका नोंदवल्या आणि दोन्हींपुढे ‘गंभीर’ लिहिलं. साहेब म्हणाले, “ॲप बंद पडतंय का?”

“नाही.”

“आकडा चुकतोय?”

“नाही.”

“रिक्वायरमेंटमध्ये लिहिलंय तसंच चाललंय ना? मग हा बग नाही, फीचर रिक्वेस्ट आहे. पुढच्या रिलीजला बघू.”

“सर, एका मुलाला ऐकू येत नाही आणि आपण त्याला हिरवा ठिपका दिलाय.”

“आईने ‘हो’ सांगितलं, आपण ‘हो’ लिहिलं. आपली काय चूक?”

यावर उत्तर देणं सोपं नाही, आणि अशा ठिकाणी बहुतेक गोष्टी संपतात. मुलीने वाद घातला नाही. तिने साहेबांना खुर्चीवर दाराकडे पाठ करून बसवलं, कानात त्यांचेच हेडफोन गाणी लावून घातले आणि समोर बसलेल्या सगळ्यांना एकदम दाराकडे बघायला सांगितलं. साहेबही दाराकडे वळले. “हाकेला वळतात, सर,” ती म्हणाली. “हिरवा.”

दोन चुकांपैकी एक मान्य व्हायला आठवडा लागला, दुसरीला महिना. बाळ्या तेवढा थांबणार नव्हता. ऐकण्यातला दोष जन्मानंतर महिन्याभरात पकडावा, तीन महिन्यांत निदान व्हावं आणि सहा महिन्यांत उपाय सुरू व्हावा, असं जाणकार सांगतात. त्याला आधीच चौदा झाले होते. टीचरने राखाडी बटणाची वाट बघितली नाही. साध्या कागदावर चिठ्ठी लिहिली, बाळ्याच्या आईला बरोबर घेतलं आणि रिक्षा करून वांद्रे रेक्लमेशनला गेली. १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था तिथे आहे, दांड्यापासून फार लांब नाही. तिथे बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून बेरा नावाची तपासणी करतात. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते त्यात दिसतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. बाळ्याला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. यंत्रं बसली. पहिल्या दिवशी त्याने ती उपटून मासळीच्या पाटीत टाकली. मग सवय झाली. पुढे बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे आठवड्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या वाटेवर आईचे किती बाजार बुडाले, याचा ठिपका कुठल्याच ॲपमध्ये नाही.

छकुली रांगली नाहीच. पंधराव्या महिन्यात एके सकाळी वलांडीचा बांबू धरून उभी राहिली आणि हातातल्या चमच्यासकट चार पावलं टाकून मांजरावर पडली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या तेव्हा मुलगी नवं ॲप घेऊन पुन्हा दांड्यात आली. आता न रांगल्याने लाल होत नव्हतं. मूल एका जागेवरून दुसरीकडे कसंही जातं का, असा प्रश्न होता. हाकेच्या प्रश्नाखाली लिहिलं होतं : ‘मागून, मुलाला दिसणार नाही असा आवाज करून बघा.’ तपासणीला पाठवायचं बटण कुठल्याही ठिपक्याला उघडत होतं. आणि शेवटी एक मोकळी चौकट होती : ‘सेविकेचं निरीक्षण’. ऑफिसातल्या चाचण्यांच्या यादीत दोन नव्या नोंदी कायमच्या चढल्या होत्या. मुलांची खरी नावं वापरता येत नाहीत, म्हणून मुलीने त्यांना बोंबील आणि पापलेट अशी नावं दिली होती. बोंबील रांगणार नाही आणि तरी लाल होता कामा नये. पापलेट सगळं बरोबर करेल आणि तरी त्याला पाठवता आलं पाहिजे. दर रिलीजला ही दोघं पास झाल्याशिवाय ॲप बाहेर जायचं नाही.

टीचरने लगेच विश्वास टाकला नाही. तिने जुनी वही काढली. ज्या मुलांचं पुढे काय झालं ते तिला पक्कं ठाऊक होतं, अशी चार-पाच मुलं वेगळ्या नावांनी भरून बघितली. एका ठिकाणी ॲप चुकलं. मुलीने ते टिपून घेतलं आणि आभार मानले.

मग टीचरने मोकळ्या चौकटीत पहिलं निरीक्षण लिहिलं : ‘फोन तापतो. बॅटरी फुगली आहे. मुलांच्या हाताशी ठेवायची भीती वाटते. दुसरा द्या.’

दोन दिवसांनी ऑफिसातून शेरा आला : ‘बालविकासाशी संबंध नाही. तक्रार बंद.’

मुलीने ती तक्रार पुन्हा उघडली आणि पुढे लिहिलं, ‘गंभीर’.